नऊ फुटांचं अंतर, पश्चिमेची बाल्कनी आणि दिवसभर चालणारा टीव्ही: ६५ इंची कोणता घ्यावा?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. गोरेगाव पूर्वेला नव्या टॉवरमध्ये टू बीएचके. हॉल अकरा बाय सोळा, टीव्ही लांब भिंतीवर, समोर सोफा. बसल्यावर डोळ्यांपासून पडदा साधारण नऊ फुटांवर. सोफ्याच्या उजव्या हाताला पश्चिमेची बाल्कनी, डाव्या टोकाला जेवणाचं टेबल. सकाळपासून बाबांच्या बातम्या, संध्याकाळी आईच्या मालिका, रात्री दहानंतर तुमचं नेटफ्लिक्स, शनिवार-रविवार मुलाचा पीएस५ (गेमिंग कन्सोल), आणि मॅच असली की सगळेच. बजेट सव्वा लाख. दुकानदार म्हणतो, थोडे वाढवा आणि ओएलईडी न्या. मेहुणे म्हणतात, त्याच पैशात ७५ इंची येतो.

माझं उत्तर: ६५ इंची, मिनी एलईडी, व्हीए पॅनल (एलसीडी पडद्याचा एक प्रकार), १२० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारा. लाखाच्या आत बसवा आणि उरलेले पैसे साउंडबारला ठेवा. ओएलईडी वाईट म्हणून नको असं नाही, चित्र त्याचंच सगळ्यात सुंदर. पण तुमच्या घरात तो टीव्ही दिवसाचे दहा तास असं काही दाखवणार आहे ज्याला त्या सौंदर्याचा उपयोग नाही आणि ज्याचा त्याला त्रासच होईल. मी मुंबई-ठाण्यात टीव्ही बसवण्याचं आणि पिक्चर कॅलिब्रेट करण्याचं काम करतो, आणि घरी गेल्यावर माझा पहिला प्रश्न असतो, दुपारी टीव्हीवर काय लागलेलं असतं? बजेटचं नंतर विचारतो.

आता कारणं. टीव्हीच्या खोक्यावर दहा नावं असली तरी आत दोनच जाती आहेत. एकात एलसीडीचा पडदा आणि त्यामागे दिवे. एलईडी, क्यूएलईडी, नॅनोसेल, क्यूएनईडी, क्रिस्टल, मिनी एलईडी हे सगळे याच जातीचे. क्यूएलईडीमध्ये दिव्यांसमोर क्वांटम डॉटचा एक थर असतो, त्याने रंग खुलतात, पण काळा रंग सुधारत नाही. दुसरी जात ओएलईडी. त्यात मागे दिवा नाहीच, प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो. फोर-केमध्ये ३८४० गुणिले २१६० म्हणजे सुमारे ८३ लाख पिक्सेल. तितके स्वतंत्र दिवे समजा. त्यामुळे काळं म्हणजे खरंच काळं. ओएलईडीतही एलजीचं पांढऱ्या प्रकाशावर फिल्टर लावलेलं पॅनल वेगळं आणि २०२२ पासून आलेलं सॅमसंग डिस्प्लेचं क्यूडी-ओएलईडी वेगळं. पण तो फरक तुमच्या निर्णयात येत नाही, म्हणून सोडून देतो.

एलसीडीच्या जातीत खरा प्रश्न एकच: मागचे दिवे कुठे आहेत आणि किती तुकड्यांत कमी-जास्त होतात. स्वस्तातल्या मॉडेलमध्ये ते एकतर कडेला असतात किंवा मागे असूनही सगळे एकदम पेटतात. रात्रीचा सीन लागला की पडदा राखाडी दिसतो. मिनी एलईडीमध्ये हे दिवे बारीक आणि हजारोंनी असतात आणि शेकडो झोनमध्ये वाटलेले असतात. जिथे अंधार तिथला झोन मंद, जिथे दिवा तिथला प्रखर. ओएलईडीच्या ८३ लाखांपुढे काहीशे झोन म्हणजे काहीच नाही, त्यामुळे काळ्या पडद्यावर पांढरे सबटायटल आले की अक्षरांभोवती फिकट धूर दिसतो. झोन जितके जास्त तितका तो धूर कमी. म्हणून दुकानात ‘मिनी एलईडी आहे ना?’ एवढं विचारून थांबू नका, झोन किती ते विचारा. सेल्समनला माहीत नसलं तर यूट्यूबवर लोकल डिमिंगची, म्हणजे झोन मंद-प्रखर होण्याची, टेस्ट लावायला सांगा. काळ्या पडद्यावर एक पांढरा ठिपका फिरतो. त्याच्यामागे उजेडाचा चौकोन फरपटत येत असेल तर पुढच्या टीव्हीकडे चला. आणि हो, क्यूएनईडी असं लिहिलेल्या सगळ्या मॉडेलमध्ये मिनी एलईडी असतातच असं नाही; स्वस्तातल्यात नसतात.

आता बाबांच्या बातम्या. मराठी न्यूज चॅनलचा पडदा डोळ्यांसमोर आणा: खाली लाल पट्टी, तिच्याखाली पिवळी पट्टी, कोपऱ्यात लोगो, दुसऱ्या कोपऱ्यात घड्याळ, आणि हे सगळं जागच्या जागी तासन् तास. ओएलईडीचे पिक्सेल वापरानुसार झिजतात. एकाच जागी एकच प्रखर रंग रोज पाच-सहा तास राहिला तर तिथले पिक्सेल बाकीच्यांपेक्षा लवकर थकतात, आणि मग मालिका लागली तरी खाली पट्टीची सावली दिसते. कंपन्यांनी यावर बरंच काम केलंय: लोगो आपोआप मंद होतो, चित्र एखाद-दोन पिक्सेल इकडेतिकडे सरकत राहतं, आणि काही तासांच्या वापरानंतर टीव्ही रिमोटने बंद केला की स्टँडबायमध्ये तो स्वतःचे पिक्सेल तपासून दुरुस्त करून घेतो. पण आपल्याकडे रात्री झोपताना काय करतात? रिमोटने बंद करून लगेच भिंतीवरचं बटणही बंद. आईची सवय असते ती, वीज वाचते, शिवाय पावसाळ्यात विजांची भीती. दुरुस्तीची ती काही मिनिटं टीव्हीला मिळतच नाहीत. ज्या घरांत मी ओएलईडीवर पट्ट्यांच्या सावल्या पाहिल्या, तिथे बहुतेक ठिकाणी दिवसभर न्यूज आणि रात्री मेन स्विच बंद, असं दोन्ही होतं. आणि वॉरंटीच्या अटी वाचा. बर्न-इन, म्हणजे ही कायमची सावली, बऱ्याचदा त्यात धरत नाहीत.

दिवसाच्या उजेडाचाही मुद्दा आहे. ओएलईडी छोट्या भागात झगझगीत होतो, पण अख्खा पडदा उजळ असला की वीज आणि उष्णता आवरायला स्वतःच मंद होतो. दुपारच्या मॅचचं हिरवं मैदान म्हणजे अख्खा पडदा उजळ. तेव्हा चांगला मिनी एलईडी सरळ सरळ पुढे असतो. याउलट दिवसभर घर बंद आणि रात्री नऊनंतर दिवे मालवूनच टीव्ही लागतो, अशा जोडप्याला मी डोळे झाकून ओएलईडी सांगतो.

तुमच्या मांडणीत एक गोष्ट मात्र बारकाईने बघा. बाल्कनी सोफ्याच्या बाजूला आहे, म्हणून सोफ्यावर बसणाऱ्याला पडद्यात तिचं प्रतिबिंब फारसं दिसणार नाही. पण जेवणाच्या टेबलावरून तिरकं पाहिलं की प्रकाश ज्या कोनात पडद्यावर येतो त्याच कोनात परतून थेट त्या खुर्चीकडे जातो. म्हणजे बाबा टेबलाशी बसून बातम्या बघत असतील तर चार वाजता त्यांना निवेदकाच्या तोंडावर बाल्कनीची ग्रील दिसणार. शिवाय व्हीए पॅनलचा काळा रंग सरळ समोरून छान असतो, त्याचा काँट्रास्ट आयपीएस या दुसऱ्या प्रकारच्या पॅनलच्या तिप्पट-चौपट. पण तिरकं बघितलं की रंग विटतात. आयपीएस बाजूने बरा दिसतो, पण अंधारात राखाडी. मग व्हीए का सांगतोय? कारण बातम्यांत काळ्या रंगाला काम नाही, आणि रात्रीच्या सिनेमाला आहे. बाबांसाठी भिंतीवर फिक्स ब्रॅकेटऐवजी बाहेर ओढून वळवता येणारा स्टँड लावा आणि बाल्कनीला एक जाड पडदा. नुसत्या पांढऱ्या जाळीच्या पडद्याने उन्हं पसरतात, थांबत नाहीत.

मेहुण्यांच्या ७५ इंचीबद्दल. आकार मोठा असावा हे त्यांचं बरोबर आहे, लोक हमखास लहान टीव्ही घेतात आणि महिन्याभरात पस्तावतात. नऊ फुटांवरून ५५ इंची नजरेचे जेमतेम २५ अंश व्यापतो, ६५ इंची जवळपास ३०, ७५ इंची ३३-३४. घरच्या सिनेमासाठी ३० अंश हे जुनं, मान्य माप आहे, म्हणजे ६५ बरोबर बसतो. ७५ सुद्धा चालला असता, पण त्याच पैशात ७५ घेतला तर बऱ्याचदा साधा किंवा कमी झोनचा पॅनल येतो. मोठा आणि राखाडी. दुसरं, आईच्या मालिका एसडी चॅनलवर असतील तर त्या चित्रात ५७६ ओळी असतात आणि फोर-के पडद्यावर २१६०. एकेका ओळीच्या पावणेचार ओळी टीव्हीला स्वतः रचाव्या लागतात. पडदा जितका मोठा तितकी ती रचना उघडी पडते, चेहरे मेणाचे दिसतात.

यावर उपाय टीव्हीत नाही, सेट-टॉप बॉक्समध्ये आहे, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण लाखाच्या टीव्हीचं मातेरं इथेच होतं. पहिलं, केबलवाल्याने बॉक्स लाल-पिवळ्या-पांढऱ्या पिनांच्या वायरने जोडलाय का ते बघा. त्या पिवळ्या वायरीतून एचडी जातच नाही. असली तर काढून टाका, एचडीएमआय लावा. दुसरं, बॉक्सच्या सेटिंगमध्ये आउटपुट ५७६ वर असेल तर १०८०आय, म्हणजे एचडी, करा. बॉक्स बऱ्याचदा ५७६ वरच अडकलेला असतो. तिसरं, आई जे दोन-तीन मराठी चॅनल बघते त्यांचं एचडी पॅकमध्ये घ्या. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी तिन्ही एचडीत आहेत. महिन्याला थोडे रुपये जास्त जातील, पण चित्रातला फरक क्यूएलईडी आणि मिनी एलईडीमधल्या फरकापेक्षा जास्त दिसेल. यात अतिशयोक्ती नाही. चौथं, चित्र ताणलेलं नको. जुने कार्यक्रम चार बाय तीनचे असतात, बाजूला काळ्या पट्ट्या आल्या तर येऊ द्या. ‘एवढा मोठा टीव्ही घेतला आणि पट्ट्या कसल्या’ असं म्हणून सगळे चित्र ताणतात आणि मग सगळे नट जाडजूड.

एट-केचा विचारही करू नका. नऊ फुटांवरून ६५ इंचीवर फुल एचडी आणि फोर-के यांतलाच फरक साधारण नजरेला जेमतेम कळतो.

दुकानात टीव्ही बघायला जाताना पेनड्राइव्हवर तुमच्या ओळखीच्या दोन क्लिप न्या: एक रात्रीचा सीन, एक क्रिकेट. तिथे सगळे टीव्ही ट्यूबलाइटच्या भडिमारात व्हिव्हिड मोडवर, निळसर पांढरे, रंग अंगावर येणारे. डोळा जास्त उजेडाकडे जातो आणि पाकीट त्याच्या मागे. रिमोट मागा. मोड सिनेमा किंवा फिल्ममेकर करा आणि मग तुलना करा. क्रिकेटची क्लिप लावून कॅमेरा चेंडूमागे धावतो तेव्हा हिरवळीकडे बघा, चेंडूकडे नको. हिरवळीत उभे काळपट पट्टे सरकताना दिसले तर ते पॅनलचे डाग आहेत. प्रत्येक नगात ते कमी-जास्त असतात, म्हणून घरी आलेल्या नगावरही हीच क्लिप पहिल्याच दिवशी लावा. ब्रँडच्या नावावर फार जाऊ नका. सॅमसंग डिस्प्लेने २०२२ मध्ये एलसीडी पॅनल बनवणंच थांबवलं. सॅमसंगच्या एलसीडी टीव्हीतही आज बाहेरचं पॅनल असतं, सोनीतही. ब्रँड बघायचा तो चित्रावर प्रक्रिया करणाऱ्या चिपसाठी आणि सर्व्हिससाठी. एसडी-एचडीचं चित्र सुधारण्यात सोनी अजूनही सरस आहे, पण सोनीच्या पैशात झोन कमी मिळतात. टीसीएल, हायसेन्स झोन भरभरून देतात. तुमच्या घरात एचडी पॅक घेतलात तर मी झोनच्या बाजूने जाईन.

एचडीआरचा, म्हणजे जास्त प्रखर उजेड आणि जास्त गडद अंधार दाखवणाऱ्या चित्राचा, शिक्का आज जवळपास प्रत्येक खोक्यावर असतो. एचडीआरच्या सिनेमांचं मास्टरिंग १००० किंवा ४००० निट्सवर (निट हे पडद्याच्या उजेडाचं माप) होतं आणि साधा एलईडी २५०-३५० निट्सच्या पुढे जात नाही, मग तो शिक्का नावापुरताच. किमान ८००-१००० निट्स खरोखर देणारा टीव्ही असेल तरच त्याला अर्थ. डॉल्बी व्हिजन आणि एचडीआर१०प्लस या एचडीआरच्याच दोन प्रकारांवरून भांडणं होतात. सॅमसंग डॉल्बी व्हिजन देत नाही, नेटफ्लिक्सवर ते भरपूर आहे. दोन सारख्या टीव्हींमध्ये निवडायचं असेल तर डॉल्बी व्हिजनवाला घ्या, पण त्यासाठी झोन सोडू नका.

मुलाच्या पीएस५ साठी १२० हर्ट्झचं पॅनल आणि एचडीएमआय २.१ चा पोर्ट हवा. ‘१२० हर्ट्झ’ असं मोठ्याने लिहून आत ६० चं पॅनल असलेले टीव्ही खूप आहेत, त्यामुळे स्पेसिफिकेशनमध्ये नेटिव्ह रिफ्रेश रेट काय ते वाचा. बऱ्याच टीव्हींत २.१ चे दोनच पोर्ट असतात आणि त्यातल्याच एकावर ईआर्क, म्हणजे साउंडबारचा पोर्ट. एकावर पीएस५, एकावर साउंडबार, सेट-टॉप बॉक्स तिसऱ्याला. हिशोब जुळतो.

आवाजाचं सांगायचं तर पातळ टीव्हीत स्पीकरला जागाच नसते आणि त्याचं तोंड खाली असतं. आई आवाज वाढवते त्याचं कारण कान नसतात, संवाद स्पष्ट येत नाहीत. मधल्या संवादासाठी वेगळा स्पीकर असलेला ३.१ साउंडबार घ्या. त्यासोबतचा सबवूफर मात्र हळू ठेवा, त्याची धडधड खालच्या मजल्यावर जाते, सोसायटीत रहायचं आहे.

टीव्ही लागल्यावर सेटिंग मोडनुसार नाही, इनपुटनुसार करा; बहुतेक टीव्ही प्रत्येक एचडीएमआयची सेटिंग वेगळी लक्षात ठेवतात. सेट-टॉप बॉक्सच्या पोर्टला स्टँडर्ड मोड, ब्राइटनेस जास्त, नॉइज रिडक्शन चालू. अॅपना फिल्ममेकर मोड, कलर टोन वॉर्म, शार्पनेस जवळपास शून्य, मोशन स्मूदिंग बंद. ते चालू ठेवलं की २४ फ्रेमचा सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो. वॉर्म केल्यावर घरात हमखास संवाद होतो:

‘पिवळट दिसतंय गं. बिघडला का?’

‘नाही आई, दोन दिवस बघा.’

दोन-तीन दिवसांनी जुनी सेटिंग लावून दाखवली की तीच आई म्हणते, निळं निळं काय दिसतंय.

उंचीचं इंटिरिअरवाल्यावर सोडू नका. तो टीव्ही शोकेसच्या वर, छताच्या अर्ध्यात लावतो आणि मान दुखते. बसलेल्या माणसाच्या डोळ्यांची उंची पडद्याच्या मध्यापर्यंत यावी, जमिनीपासून साधारण १०० ते ११० सेंटिमीटर. ६५ इंची १४४ सेंटिमीटर रुंद आणि ८१ उंच असतो. वर्तमानपत्र चिकटवून तेवढा आयत भिंतीवर दोन दिवस ठेवा. घरात आधी भांडण होऊ दे, ड्रिल नंतर.

भिंत कसली आहे तेही विचारून घ्या. नव्या टॉवरमध्ये मायवानची काँक्रीट भिंत असेल तर हॅमर ड्रिल लागेल, पण वजन निश्चिंत पेलते. मात्र ती फोडून वायर लपवायला सोसायटी आणि बिल्डर परवानगी देत नाहीत, पट्टीतूनच वायर न्या. सिपोरेक्सच्या हलक्या विटांची असेल तर साधा प्लास्टिकचा प्लग चालत नाही, त्या विटांसाठीचे लांब अँकर लागतात. वळणाऱ्या स्टँडवर टीव्ही बाहेर ओढला की भिंतीवर ताण कितीतरी वाढतो, तेव्हा हे इन्स्टॉलेशनच्या मुलाला आधी सांगा, तो नेहमीचे स्क्रू घेऊन येतो. आणि जुलै-ऑगस्टमध्ये ओल येणारी बाहेरची भिंत असेल तर तिच्यावर टीव्ही नकोच. ओल पॅनलच्या कडेने आत शिरली की पडद्यावर उभ्या रेषा येतात आणि पॅनल बदलायचा खर्च ऐकून नवीनच घ्यावासा वाटतो.

स्टॅबिलायझर लागत नाही, आजचे टीव्ही १०० ते २४० व्होल्टवर चालतात. चांगला सर्ज प्रोटेक्टर मात्र हवा. पडदा कोरड्या मायक्रोफायबरने पुसा; काच पुसायचा स्प्रे मारलात तर वरचं कोटिंग जातं.

किमतीबद्दल: २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे त्याआधीचे भाव सांगणारे व्हिडिओ बघून घासाघीस करू नका. गणपती-दिवाळीच्या ऑफर बघा, पण मागच्या वर्षीचं वरच्या श्रेणीतलं मॉडेल यंदाच्या मधल्या श्रेणीपेक्षा बऱ्याचदा चांगलं पडतं. उरलेला स्टॉक असतो तेव्हा तोच मागा.

डिलिव्हरीच्या दिवशी घरी कोणीतरी जाणतं माणूस असू द्या. ६५ इंचीचा बॉक्स लिफ्टमध्ये जातो का ते आधी मोजून घ्या. नाही गेला तर जिन्याने न्यावा लागेल, पण उभाच. आडवा धरला की पॅनल स्वतःच्या वजनाने वाकतो. सही करण्याआधी टीव्ही चालू करून पूर्ण पांढरा, पूर्ण लाल आणि पूर्ण काळा पडदा बघा, कोपऱ्यांत तडा आहे का बघा, बॉक्स उघडतानाचा व्हिडिओ काढा. बॉक्स आणि थर्माकोल पंधरा दिवस माळ्यावर ठेवा, बदलून घ्यायची वेळ आली तर तेच आधी मागतात.